व्हेक्टर इन्स्ट्रक्शन आपल्या भाषेत आणताना : वाचकांचे प्रश्न

नागपुरातून या वेळी आलेली बरीच पत्रे एकाच विषयाची आहेत. स्वतःची छोटी प्रोग्रामिंग भाषा किंवा लायब्ररी लिहिणाऱ्या मंडळींना प्रोसेसरच्या व्हेक्टर इन्स्ट्रक्शन तिच्यातून वापरता याव्यात असे वाटते. एका इन्स्ट्रक्शनमध्ये चार, आठ किंवा सोळा आकड्यांवर एकदम काम करण्याची ही सोय इंटेल आणि एएमडीच्या चिपमध्ये एसएसई, एव्हीएक्स, एव्हीएक्स२, एव्हीएक्स-५१२ या नावांनी येते, तर आर्ममध्ये निऑन आणि एसव्हीई या नावांनी. रजिस्टरमधल्या (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या, झटपट साठवणीतल्या) प्रत्येक आकड्याच्या कप्प्याला खाली सगळीकडे ‘लेन’ म्हटले आहे.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टसाठी आम्ही चौघांनी एलएलव्हीएम (कंपायलर बनवण्याची तयार साधने) वापरून एक छोटी भाषा केली आहे. एव्हीएक्सच्या काही इन्स्ट्रक्शनसाठी सी मध्ये एकेक फंक्शन लिहिले, त्यांची शेअर्ड लायब्ररी केली आणि आमच्या भाषेतून ती फंक्शन कॉल केली. उत्तरे बरोबर येतात, पण दहा लाख फ्लोटची बेरीज साध्या लूपपेक्षाही हळू होते. असे का?
— विद्यार्थ्यांचा गट, हिंगणा रोड

उत्तर : वेळ सगळा कॉलमध्ये जातो आहे. इंटेलच्या स्कायलेक पिढीवर आठ फ्लोटची बेरीज ४ सायकलमध्ये (प्रोसेसरच्या घड्याळाच्या ठोक्यांत) पूर्ण होते, आणि दर सायकलला अशा २ बेरजा सुरू होऊ शकतात. म्हणजे एका बेरजेचा खरा खर्च अर्धा सायकल. तिच्याभोवती शेअर्ड लायब्ररीतला कॉल आला की जाण्याची उडी आली, परतीची उडी आली, आणि मुख्य म्हणजे रजिस्टर रिकामी करणे आले. लिनक्सच्या ६४-बिट कॉलिंग कन्व्हेन्शनमध्ये (कॉल करताना रजिस्टर कशी वापरायची याच्या नियमांत) सोळा व्हेक्टर रजिस्टरांपैकी एकाचीही किंमत कॉलनंतर शाबूत राहील अशी हमी नसते. त्यामुळे पुढे लागणारा प्रत्येक व्हेक्टर कंपायलर आधी स्टॅकवर लिहितो आणि कॉलनंतर परत वाचतो. विंडोजवर दहा रजिस्टर जपली जातात खरी, पण त्यांचे खालचे १२८ बिटच. एव्हीएक्सच्या वरच्या अर्ध्या भागाला त्याचा उपयोग नाही.

तुमच्या हाती स्वतःचा कंपायलर आहे, तेव्हा ही शेअर्ड लायब्ररी काढूनच टाका. एलएलव्हीएममध्ये ‘आठ फ्लोटचा व्हेक्टर’ हा मूळचाच टाइप आहे. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, तुलना, निवड, लेनची अदलाबदल यांसाठी तिथल्या साध्या ऑपरेशन वापरा. योग्य इन्स्ट्रक्शन बॅकएंड (कंपायलरचा मशीन कोड बनवणारा भाग) निवडतो. क्लँग या एलएलव्हीएमवरच्या सी कंपायलरच्या स्वतःच्या हेडर फाइलमध्ये एसएसईच्या बेरजेचे फंक्शन आतून दोन व्हेक्टरांमधले साधे अधिक चिन्हच आहे. याचा फायदा असा की ऑप्टिमायझरला त्या ओळीचा अर्थ कळतो. स्थिरांक आधीच मोजणे, निरुपयोगी काम गाळणे हे सगळे तो करू शकतो. चिपचे खास इंट्रिन्सिक (एकाच इन्स्ट्रक्शनसाठीची फंक्शन) ज्यांना सर्वसामान्य रूप नाही त्यांच्यापुरतेच ठेवा : बाइट टेबलमधून उचलणारी पीशफबी, फरकांची बेरीज करणारी पीएसएडीबीडब्ल्यू, लेनचे वरचे बिट गोळा करणारी मूव्हमास्क अशी मोजकी.

भाषा बाइटकोडवर चालणारी, इंटरप्रिटेड असेल तर एकेका इन्स्ट्रक्शनचे बाइंडिंग (ती भाषेतून कॉल करता यावी म्हणून केलेली जोडणी) करूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तिथे सीमेपलीकडे संपूर्ण लूप पाठवायचा : दोन अ‍ॅरे, लांबी आणि उत्तराची जागा द्यायची, आणि आतले सगळे चक्र सी किंवा रस्टमध्ये फिरवायचे. एका कॉलचा खर्च हजारो लेनवर वाटला गेला की तो दिसेनासा होतो.

कॉल काढल्यावरही बेरीज चिपच्या पूर्ण वेगाने होणार नाही, कारण प्रत्येक बेरीज आधीच्या बेरजेची वाट पाहते. ४ सायकलचा विलंब आणि दर सायकलला २ बेरजा, म्हणजे ४ गुणिले २, अशा ८ स्वतंत्र बेरजा एकाच वेळी चालू हव्यात. लूप आठ व्हेक्टरांनी पुढे सरकवा, आठ वेगळ्या रजिस्टरांत जमा करा, शेवटी त्यांची एक करा. हे कंपायलर आपणहून करत नाही, कारण फ्लोटच्या बेरजेचा क्रम बदलला की उत्तराचे शेवटचे बिट बदलतात आणि तेवढी मोकळीक तुम्ही त्याला दिलेली नसते.

भाषेबाहेर दिसणाऱ्या फंक्शनला २५६ बिटचा व्हेक्टर थेट आर्ग्युमेंट म्हणून देऊ नका. एव्हीएक्स चालू ठेवून कंपाइल केलेली फाइल तो एका रजिस्टरमध्ये पाहते, एव्हीएक्सविना कंपाइल केलेली फाइल दुसरीकडे शोधते. लिंकर तक्रार करत नाही, उत्तर मात्र कचरा येते. बाहेरच्या दारावर पॉइंटर, आत व्हेक्टर, हा नियम पाळा.

प्रश्न : व्हेक्टरचे टाइप कसे ठरवावेत? १२८ बिट, २५६ बिट असे थेट ठेवावेत, की ‘प्रोसेसर देईल तेवढे मोठे’ असा एकच टाइप असावा?
— सॉफ्टवेअर अभियंता, मिहान परिसर

उत्तर : रुंदी भाषेत कायमची कोरून ठेवणे धोक्याचे आहे. १९९७ मध्ये एमएमएक्स ६४ बिटची होती, १९९९ मध्ये एसएसई १२८ ची, २०११ मध्ये एव्हीएक्स २५६ ची, २०१६ पासून ५१२ ची. आर्मच्या एसव्हीईत तर १२८ ते २०४८ बिटांपर्यंतची कोणतीही परवानगी असलेली रुंदी चिप बनवणारा निवडतो, आणि कंपाइल करताना ती माहीतच नसते. फुजित्सूच्या ए६४एफएक्समध्ये ती ५१२ आहे.

आम्ही दोन थर सुचवू. खालच्या थरात चिपची इन्स्ट्रक्शन जशीच्या तशी, तिच्या मूळ नावाने, प्रत्येक आर्किटेक्चरच्या वेगळ्या मॉड्यूलमध्ये. इथे कल्पकता नको. इंटेलचे मॅन्युअल उघडून शोधणाऱ्याला तेच नाव तुमच्याकडे सापडले पाहिजे. वरच्या थरात ‘घटकाचा टाइप आणि लेनची संख्या’ हे दोन पॅरामीटर असलेला एक टाइप. १६ फ्लोट मागितले की एव्हीएक्स-५१२ वर एक रजिस्टर, एव्हीएक्स२ वर दोन, निऑनवर चार. ही फोड कंपायलरने करायची.

घटकाचा टाइप नावात असलाच पाहिजे. इंटेलच्या सी हेडरमध्ये पूर्णांकांच्या सगळ्या १२८ बिट व्हेक्टरांना एकच टाइप आहे. त्यात सोळा बाइट आहेत की चार ३२-बिट आकडे हे फक्त लिहिणाऱ्याच्या डोक्यात असते, आणि चुकीच्या रुंदीची बेरीज कंपायलर बिनतक्रार स्वीकारतो. निऑनच्या टाइपमध्ये ‘१६ बिटचे ८’ असे नावातच असते. ती पद्धत घ्या.

वरचा थर ठरवायला वेळ लागेल हे गृहीत धरा. रस्टने २०१८ मध्ये १.२७ आवृत्तीत इंटेलचा खालचा थर स्थिर केला; सर्व चिपांसाठीचा वरचा थर मात्र त्यानंतर कित्येक वर्षे प्रायोगिकच राहिला. जावाची व्हेक्टर एपीआय २०२१ मध्ये जेडीके १६ सोबत प्रायोगिक म्हणून आली आणि पुढच्या आवृत्त्यांतही तशीच राहिली. डॉटनेट कोअर ३.० ने २०१९ मध्ये चिपनिहाय क्लास दिले आणि प्रत्येकात ‘हे इथे चालते का’ असा एक गुणधर्म ठेवला; जेआयटी (प्रोग्राम चालतानाच मशीन कोड बनवणारा) कंपायलर त्या जागी सरळ खरे किंवा खोटे बसवतो आणि न लागणारी फांदी कापून टाकतो. जेआयटी असलेल्या भाषेने ही कल्पना जरूर उचलावी.

एसव्हीईसारखा लांबी माहीत नसलेला टाइप पहिल्या आवृत्तीत आणू नका. सी मध्येसुद्धा असा टाइप स्ट्रक्टमध्ये, अ‍ॅरेत किंवा ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवता येत नाही, त्याचा आकार विचारता येत नाही. तुमच्या टाइप सिस्टिममध्ये यासाठी वेगळा वर्ग लागेल. निऑनसाठी लिहिलेला कोड एसव्हीई असलेल्या नेहमीच्या ६४-बिट आर्म चिपवरही चालतो, त्यामुळे थांबल्याने काही अडत नाही.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर चालणारा प्रोग्राम कॉलेजच्या लॅबमध्ये ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून बंद पडतो. तिथली मशीन माझ्याइतकीच नवी आहेत. सर म्हणतात, प्रोसेसर तपासून घे. तपासणी लिहिली, तरी काही मशीनवर बंद पडतोच.
— विद्यार्थिनी, प्रतापनगर

उत्तर : मशीन नवे असण्यावर जाऊ नका. इंटेलच्या पेन्टियम आणि सेलेरॉन नावाच्या अनेक चिपमध्ये त्याच पिढीच्या कोअर आय५ मध्ये असलेले एव्हीएक्स बंद ठेवलेले असते.

तपासणीच्या पायऱ्या अशा. सीपीयूआयडीला (चिपची माहिती देणाऱ्या इन्स्ट्रक्शनला) १ हा क्रमांक देऊन ईसीएक्स या रजिस्टरमध्ये आलेल्या उत्तराचा बिट २७ पाहा. तो ऑपरेटिंग सिस्टिमने विस्तारित रजिस्टर जपण्याची यंत्रणा चालू केल्याचे सांगतो. तिथेच बिट २८ म्हणजे एव्हीएक्स, बिट १२ म्हणजे एफएमए (गुणाकार आणि बेरीज एकत्र करणारी इन्स्ट्रक्शन). मग एक्सगेटबीव्ही (ऑपरेटिंग सिस्टिम कोणती रजिस्टर जपते ते सांगणारी इन्स्ट्रक्शन) चालवून बिट १ आणि २ दोन्ही चालू आहेत ना ते पाहा. त्यानंतर सीपीयूआयडी ७, उपक्रमांक ०, ईबीएक्सचा बिट ५ : हे एव्हीएक्स२. मधली एक्सगेटबीव्हीची पायरी बहुतेक जण गाळतात. चिपमध्ये सोय असून ऑपरेटिंग सिस्टिम किंवा व्हर्च्युअल मशीन ती रजिस्टर जपत नसेल, तर प्रोग्राम तिथेच पडतो. एव्हीएक्स-५१२ साठी एक्सगेटबीव्हीचे बिट ५, ६ आणि ७ ही हवेत.

तपासणी बरोबर असूनही पडत असेल तर कारण जवळजवळ नेहमी लिंकिंगमध्ये सापडते. सी++ चे एखादे साधे इनलाइन फंक्शन, समजा दोन आकड्यांतला लहान शोधणारे, एव्हीएक्स२ च्या फाइलमध्येही कंपाइल होते आणि साध्या फाइलमध्येही. दोन्हींचे नाव एकच, म्हणून लिंकर त्यातले एकच ठेवतो. एव्हीएक्सवाले राहिले की साधा मार्गही जुन्या चिपवर कोसळतो. यावर उपाय म्हणजे पूर्ण फाइलला एव्हीएक्स२ चा फ्लॅग न देता त्या-त्या फंक्शनवर टार्गेट फीचर (त्यात कोणत्या इन्स्ट्रक्शन वापरता येतील याची खूण) लावणे. तुमच्या भाषेतही हीच सोय ठेवा, आणि फीचर नसलेल्या फंक्शनमध्ये फीचर असलेले इनलाइन होऊ देऊ नका. एलएलव्हीएमचा इनलायनर तसे करतच नाही. तपासणी सुरुवातीला एकदाच, मग फंक्शन पॉइंटरचा तक्ता. लूपच्या आत कधीही नाही. फीचरांची शेकडो जुळणी करत बसू नका : २०२० मध्ये ठरलेल्या एक्स८६-६४ च्या (इंटेल-एएमडीच्या ६४-बिट चिपांच्या) पातळ्यांपैकी पायाभूत आणि तिसरी, एवढ्या दोन बहुतेक कामांना पुरतात. तिसरीत एव्हीएक्स२ आणि एफएमए दोन्ही येतात.

प्रश्न : शफल म्हणजे लेनची अदलाबदल करणाऱ्या इन्स्ट्रक्शनला लेनचा क्रम व्हेरिएबलमधून दिला तर कंपायलर चूक दाखवतो. आमच्या बाइंडिंगमध्ये तो साधा पूर्णांक ठेवता येईल का?
— वाचक, मानेवाडा

उत्तर : नाही. तो ८ बिटचा आकडा इन्स्ट्रक्शनच्या बाइटमध्येच लिहिलेला असतो, रजिस्टरमधून येत नाही. साधा पूर्णांक ठेवलात तर आत २५६ फांद्यांचा स्विच लिहावा लागेल. भाषेत कंपाइलच्या वेळी ठरणारे पॅरामीटर हवेत. रस्टमध्ये हे काम कॉन्स्ट जेनेरिक करतात. लिहिणाऱ्याला तो आकडा मोजायला लावू नका. त्याने लेन ० पासून क्रम द्यावा, आकडा कंपायलरने काढावा. चार लेन उलट्या करायच्या तर क्रम ३, २, १, ० आणि आकडा २७. इंटेलच्या मॅक्रोत हाच क्रम वरच्या लेनपासून लिहायचा असतो, आणि तिथे हमखास घोळ होतो.

क्रम चालू प्रोग्राममध्येच ठरणार असेल तर ते वेगळे ऑपरेशन, वेगळ्या नावाचे. एव्हीएक्स२ ची बाइट शफल प्रत्येक १२८ बिटांच्या अर्ध्या भागातच हलवते, पलीकडच्या अर्ध्यातून उचलत नाही, हे वरच्या थरात तुम्हालाच झाकावे लागेल.

प्रश्न : सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रांवरून संत्र्याच्या बागा आणि कपाशीची हिरवाई मोजतो. एनडीव्हीआय (हिरवाईचा निर्देशांक) काढताना कडेच्या रिकाम्या भागात नॅन (‘हा आकडाच नाही’ असे मूल्य) येतात आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी काही पिक्सेल चुकतात. यासाठी बाइंडिंगमध्ये काय असावे?
— रिमोट सेन्सिंगचे अभ्यासक, अंबाझरी परिसर

उत्तर : हा नमुना उत्तम आहे, कारण बाइंडिंगच्या सगळ्या उणिवा इथे उघड्या पडतात. सूत्र सोपे : इन्फ्रारेड वजा लाल, भागिले त्यांची बेरीज. बँड ८ आणि बँड ४, दोन्ही १६-बिट चिन्हरहित, १० मीटर पिक्सेलच्या एका टाइलमध्ये १०,९८० गुणिले १०,९८०.

पहिला सापळा वजाबाकीत. जानेवारी २०२२ पासूनच्या उत्पादनांत मूल्यांना १००० चा ऑफसेट आहे. तो आधी वजा केल्याशिवाय गुणोत्तर बरोबर येत नाही. पण १६-बिट चिन्हरहित लेनमध्येच ९०० मधून १००० वजा केले तर उणे १०० ऐवजी ६५,४३६ मिळतात. म्हणून आधी ८ पिक्सेल ३२ बिटांवर रुंद करा, मग वजाबाकी, मग फ्लोट. रुंद करणे हे वरच्या थरातले स्पष्ट ऑपरेशन असावे; आपोआप होऊ देऊ नका.

आता मास्क, म्हणजे प्रत्येक लेनसाठी एक खरे किंवा खोटे. मूळ मूल्य ० म्हणजे तिथे माहिती नाही. त्या लेन आणि बेरीज शून्य येणाऱ्या लेन वेगळ्या काढायच्या. व्हेक्टरमध्ये फांदी नसते. भागाकार सगळ्या लेनवर होऊ द्या आणि शेवटी ‘निवडा(मास्क, उत्तर, रिकामे)’ करा. मास्क हा वेगळाच टाइप ठेवा, पूर्णांकांचा व्हेक्टर म्हणून बाहेर दिसू देऊ नका. एव्हीएक्स२ आणि निऑनमध्ये खरी लेन म्हणजे सगळे बिट १. एव्हीएक्स-५१२ मध्ये तोच मास्क वेगळ्या रजिस्टरमधला लेनमागे एक बिट. कोणी हाताने लेनमध्ये १ लिहून मास्क बनवला, तर इंटेलची फ्लोटची ब्लेंड इन्स्ट्रक्शन फक्त चिन्हाचा बिट पाहून त्याला खोटे ठरवते, तर निऑनची निवड बिटागणिक होऊन दोन्ही आकड्यांचे मिश्रण देते. टाइप वेगळा असला की हे लिहिताच येत नाही. मास्कवर ‘एखादी’, ‘सर्व’, ‘किती’ एवढी ऑपरेशन पुरतात. निऑनमध्ये मूव्हमास्क नाही. तिथे १६-बिट लेन चार बिटांनी उजवीकडे सरकवत अरुंद करणारी इन्स्ट्रक्शन वापरून प्रत्येक बाइटमागे चार बिट असा ६४ बिटांचा आकडा मिळतो.

ओळीच्या शेवटी किती उरतात पाहा : १०,९८० ला ८ ने भागा, १६ ने भागा किंवा ३२ ने, बाकी ४ च येते. चुकतात ते हेच चार पिक्सेल. शेवटचा व्हेक्टर मागे सरकवून १०,९७२ पासून परत घ्या. चार पिक्सेल दोनदा निघतील, पण उत्तर तेच येईल. ही युक्ती उत्तराची जागा वेगळी असते म्हणून चालते. जागच्या जागी बदल करताना किंवा सरासरीसाठी बेरीज करताना तेच चार दोनदा धरले जातील. तिथे मास्क लावून वाचा. अ‍ॅरेच्या पलीकडे ‘थोडेसेच तर आहे’ म्हणून वाचू नका. फाइल मेमरीत मॅप केलेली असेल आणि तिचा शेवट ४०९६ बाइटांच्या पानाच्या कडेला आला, तर प्रोग्राम तिथेच पडेल.

वेगाबद्दल : एका बँडचे सुमारे २४१ एमबी, दोन्हींचे ४८२, आणि फ्लोट उत्तराचे आणखी ४८२. इतका डेटा मेमरीतून जाताना बऱ्याच मशीनवर मेमरीच आधी दमते. एव्हीएक्स२ वरून एव्हीएक्स-५१२ वर गेल्याने फरक पडला नाही तर बाइंडिंगला दोष देऊ नका. उत्तर १६-बिट पूर्णांकात साठवून लिहिण्याचा भार अर्धा करा.

प्रश्न : तोच प्रोग्राम रास्पबेरी पाय ४ वर आणि डेस्कटॉपवर वेगळी उत्तरे देतो. बाइंडिंगने उत्तरे सारखी येतील अशी हमी द्यावी का?
— वाचक, महाल

उत्तर : वरच्या थराने द्यावी, आणि जिथे देता येत नाही तिथे तसे नावातच लिहावे.

फरक कुठून येतात ते माहीत असले की निम्मे काम होते. लहान आकडा शोधताना एका बाजूला नॅन असेल तर इंटेल दुसरा ऑपरँड परत देते, निऑनची साधी इन्स्ट्रक्शन नॅन देते. मर्यादेबाहेरचा फ्लोट ३२-बिट पूर्णांकात बदलताना इंटेल नेहमी सर्वात लहान ऋण आकडा देते, आर्म टोकाच्या आकड्यावर थांबते आणि नॅनचे शून्य करते. तुम्ही एक नियम ठरवा, दुसऱ्या चिपवर दुरुस्तीच्या दोन-तीन जादा इन्स्ट्रक्शन सोसा. व्यस्ताच्या झटपट अंदाजाला मात्र सारखे करू जाऊ नका : इंटेलचा जवळपास १२ बिट अचूक, निऑनचा ८ च्या आसपास. त्याला ‘अंदाजे’ म्हणा आणि सोडून द्या.

तुमच्या बाबतीत आमचा पहिला संशय एफएमएवर आहे. गुणाकार आणि बेरीज एकत्र करून एकदाच राउंड करणारी ही इन्स्ट्रक्शन ६४-बिट आर्मवर नेहमी हजर असते, तर एक्स८६-६४ च्या पायाभूत पातळीवर नसतेच. कंपायलर पायवर ती गुपचूप वापरतो. हे एकत्रीकरण बंद करा आणि एफएमए हवे तिथे ते वेगळे फंक्शन म्हणून लिहायला लावा. दुसरा संशय बेरजेच्या क्रमावर. चार लेनमध्ये जमवलेली बेरीज आणि आठ लेनमधली बेरीज शेवटच्या बिटांत जुळणार नाही. भाषेच्या व्याख्येतच आठ लेन ठरवून टाका, निऑनवर त्यासाठी दोन रजिस्टर लावा, आणि शेवटची जोडणीही ठरलेल्या जोड्यांनी करा.

प्रश्न : एव्हीएक्स-५१२ किंवा एसव्हीई असलेले मशीन जवळ नाही. चाचणी कशी करावी?
— वाचक, नंदनवन

उत्तर : एव्हीएक्स-५१२ साठी इंटेलचे एसडीई एम्युलेटर (जवळ नसलेल्या चिपचे काम सॉफ्टवेअरमध्ये करणारा प्रोग्राम). एसव्हीईसाठी क्यूएमयू हा दुसरा एम्युलेटर, त्यात रुंदी १२८, २५६, ५१२ अशी बदलून तीच चाचणी चालवा. एव्हीएक्स२ क्यूएमयूच्या ७.२ आवृत्तीपासून एम्युलेट होते. वेग यावर मोजू नका, फक्त बरोबर-चूक पाहा.

प्रत्येक ऑपरेशनचे एक साधे, लेनमागून लेन चालणारे रूप लिहा आणि त्याच्याशी ताडून पाहा. ८-बिट लेनच्या दोन ऑपरँडच्या सगळ्या ६५,५३६ जोड्या तपासता येतात, मग निवडक कशाला? फ्लोटसाठी उणे शून्य, दोन्ही अनंत, नॅन, सर्वात लहान डीनॉर्मल (शून्याला अगदी चिकटलेला आकडा) आणि पूर्णांकाच्या टोकाजवळचे आकडे प्रत्येक लेनमध्ये आळीपाळीने ठेवा. सगळ्या लेनमध्ये एकच आकडा ठेवला तर लेन चुकल्याचे कधीच कळत नाही. अ‍ॅरेची लांबी ० पासून लेनसंख्येच्या दुपटीपेक्षा एकने जास्त इथपर्यंत घ्या, आणि सुरुवातीचा पत्ता एकेका घटकाने सरकवत न्या. अलाइन्ड वाचन (ठरावीक पटीतल्या पत्त्यावरच चालणारे) चुकून वापरलेले असेल तर ते इथेच सापडते : मेमरी मागणारे मॅलॉक ६४-बिट लिनक्सवर पत्ता १६ बाइटांच्या पटीत असण्याची हमी देते, ३२ ची नाही, म्हणून एव्हीएक्सचे अलाइन्ड वाचन कधी चालते आणि कधी पडते.

शेवटी ऑब्जडंपने (मशीन कोड वाचून दाखवणाऱ्या साधनाने) तयार कोड उघडून आतला लूप वाचा. तिथे कॉल दिसला तर इनलाइन झालेले नाही. स्टॅकवर व्हेक्टर लिहिलेले दिसले तर सोळा रजिस्टर पुरलेली नाहीत. एकाच वेळी चालवलेल्या व्हेक्टरांची संख्या कमी करा.